दुराव्याची किंमत : ‘शेजारी’ चित्रपटाच्या निमित्ताने

(मरोदा, भिलाई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला एका व्यक्तीच्या नावाने नाही, भिलाईत आलेल्या पहिल्या मराठी पिढीच्या नावाने आहे, हे कळल्यावर मी आनंदाने होकार दिला. ती पिढी नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा, गोंदिया या भागांतून आली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे नागपूरहून दुर्गला नोकरीला निघालेला माणूस आपल्याच राज्यात एका गावाहून दुसऱ्या गावी चालला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळला हलली, आणि हा माणूस बसल्या जागी परप्रांतीय झाला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, तोवर त्यानं इथे संसार मांडलेला होता.

भिलाईच्या जुन्या माणसाला कुणाच्या घराची वाट विचारली की तो नाव नंतर घेतो. सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर आधी सांगतो. या सवयीत या शहराची जडणघडण आहे. इथे शेजारी कुणी निवडला नाही. अलॉटमेंटचा कागद हाती पडायचा आणि भिंतीपलीकडे कोण राहतं ते सामान उतरवताना कळायचं. एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला मल्याळी, समोर सरदारजी, मागच्या ओळीत तेलुगू आणि ओडिया, वरच्या मजल्यावर मुसलमान कुटुंब. गावाकडे ज्याच्या घरचं पाणीही घेतलं नसतं, त्याच्याच घरी इथे रात्रपाळीच्या दिवशी मूल झोपवून बाई निर्धास्त व्हायची. जातीचा, भाषेचा, धर्माचा शेजार मोडून कारखान्यानं पाळ्यांचा शेजार निर्माण केला. त्या पिढीनं तो निभावला. म्हणून तिच्या स्मरणार्थ बोलताना मी विषय निवडला तो शेजाराचाच.

माझ्यासमोर जो चित्रपट आहे त्याचं नावही तेच आहे : प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘शेजारी’. साल १९४१. हिंदीत तोच चित्रपट ‘पडोसी’ या नावाने निघाला. कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं, मराठी गीतं शांताराम आठवल्यांची. त्यातलं दिव्यांच्या उत्सवाचं समूहगीत आजही दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत गायलं जातं. ते टाळ्या घेतं आणि लोक घरी जातात. ज्या चित्रपटात ते आहे तो किती अस्वस्थ करणारा आहे, याची आठवण मात्र फार थोड्यांना उरली आहे.

कथा थोडक्यात सांगतो. एका गावात जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे मित्र राहतात. एक हिंदू, एक मुसलमान. घराला घर लागून, मुलंबाळं एकत्र वाढलेली, गावात दोघांच्या शब्दाला मान. बराचसा वेळ दोघे बुद्धिबळाच्या पटावर घालवतात. या गावात ओंकार नावाचा भांडवलदार येतो. त्याला धरण बांधायचं आहे आणि त्यासाठी गावाची जमीन हवी आहे. लोक जमीन द्यायला तयार नाहीत, आणि त्यांच्या नकाराच्या मुळाशी हे दोन म्हातारे आहेत. दोघे एक असेपर्यंत गाव फुटणार नाही, हे ओंकारच्या ध्यानात येतं. मग गैरसमज पेरले जातात, दोन घरांत वितुष्ट येतं, त्यापाठोपाठ गाव धर्माच्या रेषेवर दुभंगतं. शेवटी धरण फुटतं आणि दोघे मित्र हातात हात घालून मृत्यूला सामोरे जातात.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, ही तर राष्ट्रीय एकात्मतेची गोष्ट. शाळेच्या पुस्तकात शोभेल. चित्रपट नीट पाहिला की हा समज टिकत नाही. एकात्मतेच्या गोष्टीत भांडण शेवटच्या पानाआधी मिटतं. बेडेकर आणि शांताराम यांनी ते मिटवलेलं नाही. मित्र परत भेटतात, पण वाचवण्यासारखं काही उरलेलं नसताना. शेवटी गाव हातचं गेलेलं असतं आणि दोन वडीलधारी माणसं गेलेली असतात. प्रेम उशिरा जागं झालं, तर त्यानं भूतकाळाचा हिशेब चुकता होईल, पण पुढच्या पिढीला त्यातून काही मिळत नाही, हे या शेवटाचं म्हणणं आहे. मला ते आजही फार धाडसाचं वाटतं.

ज्या वर्षी हे म्हटलं गेलं ते वर्ष लक्षात घ्या. मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगचा लाहोर ठराव झालेला होता. १९४१ साली ढाका, अहमदाबाद आणि मुंबईत दंगली झाल्या. युरोपात महायुद्ध पेटलं होतं. फाळणीला अजून सहा वर्षं होती, पण तिची भाषा लोकांच्या तोंडी आली होती. अशा दिवसांत पुण्याच्या एका स्टुडिओत हा चित्रपट तयार झाला, आणि त्यात उपदेशाच्या भाषणांपेक्षा दोन माणसांच्या नात्यावर भर दिला गेला.

याचं श्रेय विश्राम बेडेकरांना दिलं पाहिजे. ते मूळचे अमरावतीचे, १९०६ चा जन्म. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या मुलखातले. चित्रपटाचं तंत्र शिकायला ते इंग्लंडला गेले होते. परतीच्या बोटीवर त्यांनी नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू पाहिले, आणि त्या अनुभवातून १९३९ साली ‘रणांगण’ ही कादंबरी आली. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही ज्यू तरुणी बोटीवर भेटतात, प्रेमात पडतात. तो मुंबईला उतरतो, तिला पुढे शांघायच्या दिशेने जावं लागतं, आणि ती समुद्रात जीव देते. त्या दोघांचं एकमेकांशी काहीच भांडण नव्हतं. बोटीबाहेरच्या जगानं त्यांना वेगळं केलं.

‘रणांगण’नंतर दोनच वर्षांनी याच लेखकाची कथा ‘शेजारी’च्या रूपाने पडद्यावर आली. इथे प्रश्न अधिक अवघड झाला आहे. बोटीवरच्या प्रेमिकांच्या वाट्याला थोडेच दिवस आले होते. जिवबा आणि मिर्झा यांच्याकडे सगळं आयुष्य होतं. एकमेकांच्या घरची लग्नं, मयतं, दुष्काळ, सण हे सगळं त्यांनी वाटून घेतलेलं होतं. तरीही ते तुटले. प्रेम अल्पायुषी होतं म्हणून तुटलं, ही पळवाट बेडेकरांनी यावेळी स्वतःलाही ठेवली नाही आणि प्रेक्षकालाही ठेवली नाही. आयुष्यभराची ओळख दुराव्यापासून संरक्षण देत नाही, हे त्यांनी मांडलं.

मग तुटतं नेमकं कसं? माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा इथे आहे.

बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणा. दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांना हरवायची खटपट करत असतात. राजाला शह बसतो, वजीर मारला जातो, एखादा चिडतो, एखादी चाल मागे घेण्यावरून हुज्जत होते. आणि दुसऱ्या दिवशी पट पुन्हा मांडला जातो. म्हणजे या मैत्रीत संघर्ष नव्हता असं मुळीच नाही. संघर्ष रोजचा होता. पण तो समोरासमोरचा होता, त्याला दोघांनाही मान्य असलेले नियम होते, आणि तो त्या दोघांचाच होता. कोण हरलं हे गावाला कळायची गरज नव्हती.

ओंकार काय करतो? तो भांडण निर्माण करतो असं आपण म्हणतो, पण भांडण तर दोन माणसांत असतंच. तो ते पटावरून उचलून चव्हाट्यावर नेतो. समोरासमोर बोलण्याची बाब तिसऱ्याच्या तोंडून कानावर येऊ लागते. ‘तो तुझ्याविषयी असं म्हणाला’ हे वाक्य एकदा दोघांच्या मध्ये शिरलं की पुढची कामं आपोआप होतात. पहिलं असं होतं की आपण जाऊन विचारत नाही. इतक्या वर्षांच्या मित्राला ‘तू खरंच असं म्हणालास का?’ हे विचारण्यात कमीपणा वाटतो. त्यानेच येऊन सांगावं असं वाटतं, आणि तोही त्याच अपेक्षेनं घरात बसलेला असतो. दुसरं असं की अबोल्याला साक्षीदार मिळतात. घरातली माणसं, भावकी, जातवाले, धर्मवाले जमतात आणि प्रत्येक जण आपल्या माणसाची बाजू घेतो. आता मागे फिरायचं तर त्या सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागते. तिसरं सगळ्यांत घातक. जिवबा हा जिवबा राहत नाही, तो हिंदूंचा म्होरक्या होतो. मिर्झा हा मिर्झा राहत नाही, तो मुसलमानांचा होतो. ज्या माणसाची खोकण्याची ढब आपल्याला ओळखू येते, तो माणूस जमावाच्या मागे दिसेनासा होतो.

द्वेषाला या क्रमात फार उशिरा जागा मिळते. आपण दुराव्याचं मूळ द्वेषात शोधतो आणि आपल्या मनात द्वेष नाही म्हणून निश्चिंत राहतो. ‘शेजारी’ पाहताना ही निश्चिंती जाते. जिवबा आणि मिर्झा यांच्या मनात एकमेकांविषयी द्वेष नव्हता. दुखावलेलं प्रेम होतं. परक्यानं काही म्हटलं तर आपण सोडून देतो. आपल्या माणसानं म्हटलं, असं नुसतं कळलं, तरी ते आतपर्यंत जातं. म्हणून प्रेम असलेल्या ठिकाणीच दुराव्याला सर्वांत भक्कम पाया मिळतो. ओंकारला हे कळलं होतं. आपल्याला कळत नाही.

या चित्रपटाच्या पात्रयोजनेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठी ‘शेजारी’त केशवराव दाते जिवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी ‘पडोसी’त मिर्झाची भूमिका जागीरदारांकडेच राहिली, आणि हिंदू ठाकूरची भूमिका मझहर खान यांनी केली. म्हणजे हिंदीत मुसलमान नट हिंदू म्हातारा झाला आणि हिंदू नट मुसलमान म्हातारा. हे ठरवून केलेलं होतं. त्या काळच्या प्रेक्षकाला दोघांची नावं ठाऊक होती. तिकीट काढतानाच त्याला माहीत असायचं की ज्याच्या कपाळी गंध आहे तो मझहर खान आहे आणि ज्याच्या तोंडी अल्लाचं नाव आहे तो जागीरदार आहे. दोघे पडद्यावर भांडू लागले की कोणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनातच अडखळत असेल. जागीरदारही अमरावतीचेच, जन्म १९०७ चा. पुढे तीन वर्षांनी, १९४४ च्या ‘रामशास्त्री’त, सत्तेपुढे न वाकणारा न्यायाधीश त्यांनीच उभा केला. लेखक आणि मिर्झा दोघेही वऱ्हाडातले, हे मी भिलाईच्या मराठी सभेत अभिमानाने सांगतो.

पडद्यामागेही एक जोडी होती. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. प्रभातचे लोक त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दोघे एकत्र आले. १ जून १९२९ ला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आणली. दामले-फत्तेलाल या जोडीनं १९३६ साली ‘संत तुकाराम’ केला, आणि व्हेनिसच्या महोत्सवात तो जगातल्या निवडक चित्रपटांत गणला गेला. विठ्ठलाच्या भक्तीचा मराठीतला सर्वश्रेष्ठ चित्रपट एका ब्राह्मणानं आणि एका मुसलमानानं मिळून घडवला. पुढे ‘गोपाळकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’. जुलै १९४५ मध्ये दामले गेले. ही मैत्री मरणानंच संपवली; मधल्या माणसाला तिच्यात जागा मिळाली नाही. शांताराम आणि बेडेकर ‘शेजारी’ घडवत होते तेव्हा असं उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर, त्याच आवारात, रोज वावरत होतं. जिवबा आणि मिर्झा कल्पनेतले असतील, पण त्यांच्या मैत्रीची शक्यता कल्पनेतली नव्हती.

आणि त्याच आवारात दुरावाही होता. ‘शेजारी’ हा शांतारामांचा प्रभातसाठीचा शेवटचा चित्रपट ठरला. १९४२ साली ते बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. भागीदारांत काय झालं, कोणाचं किती चुकलं, हा निवाडा करायला मी उभा नाही. शांतारामांनी पुढे मोठं काम केलं, प्रभातनंही आणखी काही चांगले चित्रपट दिले. पण ज्या सहकाऱ्यांनी मिळून मराठी चित्रपटाला जगाच्या नकाशावर नेलं, त्यांचं एकत्र काम तिथे थांबलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत प्रभात बंद पडली. त्या जागेत १९६० साली सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली. जिवलग सहकाऱ्यांच्या ताटातुटीची गोष्ट सांगणारी माणसं स्वतःच ताटातुटीच्या उंबरठ्यावर होती, हे कळल्यावर त्या चित्रपटाकडे पाहण्याची माझी दृष्टी अधिक हळवी झाली. दुरावा कळण्याइतकं शहाणपण असलं तरी तो टळतोच असं नाही.

आता धरणाविषयी. चित्रपटातला ओंकार धरण बांधायला येतो. मरोद्यात उभं राहून धरणाला खलनायक ठरवलं तर ते कृतघ्नपणाचं होईल. या मरोद्याच्या तलावाच्या पाण्यावर कारखाना चालतो आणि वसाहत जगते. ते पाणी तांदुला धरणाच्या कालव्यातून येतं, आणि तांदुला इंग्रजी अमदानीत शेतीसाठी बांधलेलं आहे. दल्ली-राजहराच्या खाणींतून लोखंडाचा दगड भरून येणाऱ्या मालगाड्या मरोदा स्टेशनावरून जातात. पाणी, दगड आणि माणूस या तिघांच्या जोरावर भिलाई उभी आहे. धरण, खाण, कारखाना यांतलं काहीही मुळात वाईट नाही.

चित्रपटातला प्रश्नही धरणाचा नाही. ते कोणत्या वाटेनं आलं याचा आहे. जमीन हवी होती तर ओंकारला गावाशी एकत्र बोलता आलं असतं. भाव ठरवता आला असता, नकार ऐकून घेता आला असता. पण एकजूट गावाशी सौदा महाग पडतो, फुटलेल्या गावाशी स्वस्त. म्हणून त्यानं आधी गाव फोडलं. एखाद्या ठिकाणी शेजाऱ्यांत अकस्मात वैर उफाळलं की मी माझ्यापुरता एक प्रश्न विचारतो : इथे कुणाला काय स्वस्तात हवं आहे? दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. पण पुष्कळदा त्या वैराच्या बुडाशी जमीन, मत किंवा मजुरी सापडते.

हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. कारखान्यासाठी इथल्या गावांची शेती गेली. मरोदा हे सेक्टरचं आणि स्टेशनाचं नाव होण्याआधी एका गावाचं नाव होतं. आपले वडील, आजोबा शेजारी म्हणून ज्यांच्या दारात आले, ते छत्तीसगढी शेतकरी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. बंगाली, मल्याळी, पंजाबी शेजाऱ्याच्या सणाला आपण गेलो, त्यांना आपल्या गणपतीला बोलावलं. पण कामाला येणाऱ्या छत्तीसगढी बाईच्या गावी आपल्यापैकी किती जण गेले? वसाहतीच्या कुंपणाबाहेरचा शेजार आपण निभावला का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला जड जातं.

त्या शेजाऱ्याच्या भाषेतला एक चित्रपट म्हणूनच ‘शेजारी’च्या बाजूला ठेवावासा वाटतो. मनू नायक यांचा ‘कहि देबे संदेस’, १९६५. छत्तीसगढीतला पहिला चित्रपट. एका सतनामी तरुणाचं आणि ब्राह्मण मुलीचं प्रेम, आणि त्यातून गावात उठणारं वादळ. पलारी गावात त्याचं चित्रण झालं. गाणी लिहिली डॉ. हनुमंत नायडूंनी, आणि त्यांतली काही मोहम्मद रफींनी छत्तीसगढीत गायली. सतनामी समाज गुरू घासीदासांना मानणारा, जातिभेद नाकारणारा. शतकानुशतकं अस्पृश्य म्हणून वागवला गेलेला. चित्रपट आला आणि त्याच्यावर बंदी घाला अशी मागणी उठली. तेव्हाच्या माहिती आणि नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांनी तो पाहिला, त्याची पाठराखण केली, आणि तो टिकला.

दोन्ही चित्रपट जवळ ठेवले की एक फरक लक्षात येतो. जिवबा आणि मिर्झा यांच्यात आधी जवळीक होती, मग दुरावा आणला गेला. सतनामी तरुण आणि ब्राह्मण मुलगी यांच्यात समाजानं दुरावा आधीच घालून ठेवलेला होता. जवळीक हाच तिथे गुन्हा ठरला. आपण पहिल्या प्रकारच्या दुराव्यावर डोळे पुसतो, कारण तिथे काहीतरी मोडताना दिसतं. दुसऱ्या प्रकारात काही मोडत नाही, कारण तिथे काही जुळूच दिलेलं नसतं, आणि म्हणून तो दुरावा आपल्याला दिसतही नाही. महाराष्ट्रातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्या आठवा. तिथे ओंकारची गरज पडली नाही. जातीनं त्याचं काम हजारो वर्षं आधीच करून ठेवलं होतं.

भिलाईला संघर्ष नवा नाही. २८ सप्टेंबर १९९१ रोजी कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची याच शहरात झोपेत गोळ्या घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ ला पॉवर हाऊस स्टेशनाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, त्यात कामगार मेले. तुमच्यापैकी काहींनी ते दिवस पाहिले आहेत. त्या दिवसांनी एक शिकवलं. संघर्ष वाईट असतो असं म्हणून हात झटकता येत नाहीत. हक्कासाठी उभं राहणं हाही संघर्षच आहे, आणि मिर्झा-जिवबांनी ओंकारला दिलेला नकार तर गावाचं रक्षण करणारा संघर्ष होता. माझं म्हणणं इतकंच, की न्यायाची लढाई माणसांना जवळ आणते आणि पेरलेलं भांडण त्यांना वेगळं करतं. दोन्हींतला फरक ओळखायची ही सर्वांत साधी खूण आहे. ज्या भांडणात उतरल्यावर आपले शेजारी कमी होत जातात, ते भांडण बहुधा आपलं नसतं.

आज भिलाईत क्वार्टर रिकामी होत आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेली. निवृत्त माणसं स्वतःच्या घरात गेली. कारखान्याच्या कागदानं दिलेला शेजार संपत चालला आहे. नवी घरं घेताना लोक आपल्या भाषेचे, आपल्या जातीचे, आपल्या धर्माचे लोक कुठे आहेत ते विचारून घेतात. मोबाइलवर दिवसरात्र ‘तो तुझ्याविषयी असं म्हणाला’ हेच वाक्य हजार तोंडांनी येतं, आणि ते पाठवणाऱ्याला आपण पाहिलेलंही नसतं. १९४१ च्या ओंकारला गावात येऊन मुक्काम करावा लागला होता. आजच्या ओंकारला तेवढेही कष्ट नाहीत. म्हणून या चित्रपटाचा काळ संपला असं मला वाटत नाही.

माझ्या दोन सूचना आहेत. पहिली व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांसाठी. दरवर्षी या व्याख्यानाच्या आदल्या दिवशी ‘शेजारी’ आणि ‘कहि देबे संदेस’ हे दोन्ही चित्रपट मरोद्यात दाखवा. प्रेक्षकांत निम्मे मराठी आणि निम्मे छत्तीसगढी असावेत याची खटपट करा, आणि चित्रपट संपल्यावर लोकांना घरी जाऊ देऊ नका, बोलू द्या. समूहगीताला टाळ्या वाजवून उठण्यापेक्षा शेवटच्या रिळावर वाद घातलेला बरा.

दुसरी सूचना प्रत्येकासाठी आहे, आणि ती अवघड आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात कुणीतरी असा आहे, की ज्याच्याशी बोलणं थांबलं आणि का थांबलं ते आता नीट सांगताही येत नाही. भाऊ असेल, जुना सहकारी असेल, भिंतीपलीकडचं घर असेल. कुणीतरी काहीतरी सांगितलं, आपण विचारायला गेलो नाही, त्यानंही सांगितलं नाही. तिथे जाऊन विचारा. चूक कुणाची हे ठरवायला जाऊ नका, काय ऐकलं होतं तेवढं सांगा आणि त्यानं काय ऐकलं ते ऐकून घ्या. जो आधी जातो तो हरतो, असं आपल्याला वाटतं. जिवबा आणि मिर्झा दोघेही हरायला तयार नव्हते, आणि त्यांच्या न हरण्याची किंमत गावानं भरली. मुलांवर अशी किंमत भरायची वेळ येऊ नये, यासाठी मोठ्यांनी आधी जायचं असतं. पहिल्या पिढीनं कागदावर मिळालेल्या शेजाऱ्याला आपलं माणूस केलं. तिच्या नावानं दरवर्षी जमणाऱ्या आपण सर्वांनी निदान आपली माणसं शेजारी म्हणून तरी टिकवली पाहिजेत.